किरमिजी हा 'क्रिमसन'चा अपभ्रंश नाहीये हो!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की आपला 'किरमिजी' हा शब्द इंग्रजी 'क्रिमसन' (म्हणजे गडद लाल) तोंडात बसेना म्हणून बिघडून झालाय. वाचायला मजा येते, पण चूक आहे. खरंतर ही दोन्ही एकाच घरची पोरं, आणि घर आहे किड्याचं! भूमध्य समुद्राकडच्या ओकच्या झाडांवर एक किडा असतो, त्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून गडद लाल रंग काढायचे, त्याला अरबीत 'किर्मिझ' म्हणतात आणि तिथूनच युरोपातल्या भाषांमधून फिरत फिरत क्रिमसन झाला, 'कार्माइन' या दुसऱ्या लाल रंगाच्या नावाचं मूळही तिथेच, आणि आपल्याकडे फारसी-अरबीच्या वाटेने किरमिजी आला. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चं सख्खं भावंड. (म्हणून लगेच 'सगळं संस्कृतातूनच गेलं' असा दुसरा फॉरवर्ड नको, भावंड म्हणजे आई नव्हे.)

गंमत म्हणजे हे वाळके किडे दाण्यासारखे दिसतात, त्यामुळे युरोपात कित्येक जण त्यांना बीच समजायचे. पुढे १६व्या शतकात मेक्सिकोतला निवडुंगावरचा कोचिनियल किडा स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि जुना किडा मागे पडला. कोचिनियल दिसतो राखाडी खड्यासारखा, पण चुरडून पाण्यात टाका, गडद लाल. त्यात लिंबू पिळलं की केशरीकडे झुकतो, सोडा घातला की जांभळट. खाण्याच्या पाकिटावर ई१२० हा रंगाचा कोड दिसला ना, तर तो याच किड्याचा रंग.