मतदारसंघ सातबाऱ्यावर चढत नसतो

"डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, वकिलाचा मुलगा वकील, दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर बसतो. मग आमदाराचा मुलगा आमदार झाला तर तुमच्या पोटात का दुखतं?" अशी सुरुवात असलेला तो लांबलचक मेसेज गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा सोडून दिला होता. या वेळी तो टाकणारा माझा भाचा होता. अकरा वर्षं एका पक्षाच्या सतरंज्या उचलतोय. पंचायत समितीचं तिकीट मागायला गेला तर "पुढच्या वेळी बघू" ऐकून परत आला, आणि तिकीट गेलं साहेबांच्या पुतण्याला, जो गावात गणपतीपुरता येतो. त्या पुतण्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांमधला सगळ्यात खालचा फोटो भाच्याचा. फ्लेक्सचे पैसेही त्याचेच. आणि हाच पोरगा आता घराणेशाही कशी योग्य ते आम्हाला समजावतोय!

तर आधी डॉक्टर. डॉक्टरच्या मुलाला 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मॅनेजमेंट कोट्याचं मला सांगू नका. तिथे पैसा चालतो हे खरं, पण नीट आणि विद्यापीठाच्या परीक्षा त्यालाही सुटत नाहीत. वकिलाच्या मुलाला पदवी लागते, सनद लागते. एवढं करून बापाच्या खुर्चीत बसला तरी हात चांगला नसेल तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातात, आणि पेशंट गेले म्हणून कुणी त्याला सिव्हिल हॉस्पिटलचा प्रमुख करत नाही. राजकारणात करतात. २०२४च्या जूनमध्ये सुनेत्रा पवार बारामतीतून लोकसभेला हरल्या आणि त्याच महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. नियमात बसतं, बेकायदा काही नाही. पण मग मेसेजमधली "हरले की घरी बसतात" ही ओळ तेवढी खोडा.

दुकानाचं तर बोलूच नका. गल्ला दुकानदाराचा स्वतःचा असतो. मतदारसंघ कुणाच्या सातबाऱ्यावर चढलाय?

आता तो मुद्दा, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो. "छत्रपती शिवरायांनंतर शंभूराजेच आले ना? मग घराणेशाहीला नावं ठेवणारे मराठी कसे?" हे वाचून डोकं फिरलं. ती राजेशाही होती; आपण २६ जानेवारी १९५० पासून दुसऱ्या कागदावर चालतो, हे एक. पण त्याहून मोठी लबाडी अशी की महाराजांचं नाव ज्यासाठी वापरलंय, नेमक्या त्याच रोगावर महाराजांनी औषध शोधलं होतं. अष्टप्रधानांची पदं त्यांनी वंशपरंपरेने दिली नाहीत. चाकरीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारं वतन न देता रोख वेतन द्यायचं हे त्यांचं धोरण. पेशवेपद एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालायला लागलं ते पुढे, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात.

आणि वतनदार म्हणजे काय चीज, हे महाराजांच्याच तालमीतल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमाराला आज्ञापत्रात लिहून ठेवलंय. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. अमात्य त्यांना राज्याचे दायाद म्हणतात, म्हणजे राज्यात वाटा मागणारे भाऊबंद. आहे त्यावर यांचं समाधान नाही, शेजाऱ्याचं बळकवायचं, आणि परचक्र आलं की वतन वाचवण्यासाठी शत्रूला सगळ्यांच्या आधी जाऊन भेटायचं. तीनशे वर्षांपूर्वीचा मजकूर आहे, तरी वाचताना आपल्याच जिल्ह्याची बातमी वाटते. निवडणूक जवळ आली की कुठलं घराणं कुठल्या पक्षात गेलं याचा हिशोब ठेवायला वही लागते. सिंधुदुर्गात २०२४ला राणे घराण्यात वडील खासदार, एक मुलगा भाजपचा आमदार, दुसरा शिवसेनेचा. पक्ष बदलतील, चिन्ह बदलेल, तालुका मात्र घरात राहिला पाहिजे. याला व्यवसाय म्हणत नाहीत, वतन म्हणतात. महाराष्ट्राने १९६२ साली कायदा करून मुलकी पाटीलकी, म्हणजे घराण्यात चालणारं महसुली पाटलाचं पद, संपवली. आज गावचा पोलीस पाटील व्हायला लेखी परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते. आमदार व्हायला काय लागतं, ते भाच्याला विचारा.

"पण लोकच निवडून देतात ना!" देतात. कुणातून, ते सांगा. २०१८ला पलूस-कडेगावची पोटनिवडणूक वडिलांच्या जागी मुलगा, अशी बिनविरोधच झाली. २०१९ला तिथे आणि लातूर ग्रामीणमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं ठाऊक आहे? नोटा! लातूर ग्रामीणमध्ये सत्तावीस हजारांवर लोकांनी रांगेत उभं राहून 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण दाबलं. दोन्हीकडे निवडून आलेले उमेदवार माजी मुख्यमंत्र्याचे किंवा माजी मंत्र्याचे चिरंजीव. ते नालायक होते असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर तुल्यबळ माणूस उभाच नव्हता, एवढंच म्हणतो.

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने २०२५ला आकडे काढले. महाराष्ट्रातल्या ४०३ खासदार-आमदारांपैकी १२९ राजकीय घराण्यातले, म्हणजे बत्तीस टक्के. देशाची सरासरी एकवीस. पुरोगामी वगैरे आपण आहोतच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला लागते, आणि ती याच अहवालात आहे. देशभरात पुरुष लोकप्रतिनिधींपैकी घराण्यातले अठरा टक्के, तर स्त्रियांमध्ये सत्तेचाळीस. "घराण्यामुळे बायका राजकारणात आल्या" हा मेसेजमधला मुद्दा अगदीच खोटा नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की आडनाव नसलेल्या बाईला दार जवळपास बंदच आहे. हे घराण्यांचं कौतुक कसं झालं?

दुसरी अडचण माझी स्वतःची आहे. घराणी पडतात तेव्हा मला आनंद होतो. २०२४ला माहीममध्ये अमित ठाकरे तिसरे आले. त्याआधी लोकसभेला नगरमध्ये विखे घराण्यातले सुजय विखे शिक्षकाच्या मुलाकडून, निलेश लंकेंकडून हरले. त्या रात्री मी पेढे आणले होते. पाच महिन्यांनी विधानसभेला पारनेरमधून उमेदवार कोण? लंकेंच्या पत्नी. पेढे वाया गेले. (त्याही पडल्या, तो भाग वेगळा.) आर. आर. आबा अंजनीसारख्या खेड्यातून, कमवा आणि शिका करत वर आले. आता तासगाव-कवठेमहांकाळला आधी पत्नी, मग मुलगा. सांगोल्याला अकरा वेळा निवडून आलेले, एसटीने फिरणारे गणपतराव देशमुख. आज तिथे नातू आमदार. पोरं चांगली असतील, मेहनतीही असतील. पण आबांच्या आणि गणपतरावांच्या मागे जे कार्यकर्ते वीस-तीस वर्षं होते, त्यांच्यात एकही लायक निघाला नाही?

बाकीचे मुद्दे वेळ घालवण्यासारखे नाहीत. "त्यांना बाळकडू मिळालेलं असतं": बाळकडू सगळ्यांनाच पाजतात, तिकीट मोजक्यांनाच मिळतं. "खात्यापित्या घरचे, ते भ्रष्टाचार करणार नाहीत": यावर हसून झालं की पुढे जाऊ.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. ताईने अंगठा दाखवला. भाच्याचा दोन दिवसांनी फोन आला. म्हणाला, "मामा, पटतंय रे. पण साहेबांच्या पीएने सांगितलं होतं, प्रत्येकाने पाच ग्रुपवर टाका आणि स्क्रीनशॉट पाठवा."

"किती टाकलेस?"

"सात."