नाही, माझ्याकडे जागा नाही

आज सकाळी पोळ्या लाटताना फोन आला. नंबर अनोळखी. "ताई, ते मोठे म्हातारे डॉग्ज ठेवता ते तुम्हीच ना? आमचा रॉकी आहे, लॅब, अकरा वर्षांचा. नवीन घराचं पझेशन मिळालंय, वुडन फ्लोअरिंग आहे, आणि हा हल्ली कुठेही शू करतो. तुमच्याकडे तो खूप खूश राहील." आवाज अगदी गोड. शेवटी म्हणाल्या, "किती पुण्याचं काम करता हो तुम्ही." पोळी करपली माझी.

मी नाही म्हटलं. जागा नाही म्हटलं. जागा खरंच नाहीये. चारकोपचं म्हाडाचं छोटं घर ते, खाली एक खोली आणि मोरी, वर एक खोली आणि बाहेर ओटा. त्यात मी, हे, सासूबाई आणि सध्या तीन म्हातारी जनावरं. पण उद्या कोणी मला कर्जतला दोन एकर दिले तरी रॉकीला मी नाहीच म्हणेन. का, ते सांगते. थोरल्यांमुळे.

जुन्या मित्रमंडळींना थोरले आठवत असतील. ग्रेट डेन जातीचा कुत्रा, साडेसात वर्षांचा, छप्पन्न किलो. नाव होतं थॉर. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी त्याचे थोरले केले आणि तेच राहिलं. मालकांचं रिडेव्हलपमेंटमध्ये घर गेलं, भाड्याच्या घरात डेन चालेना, तेव्हा एका संध्याकाळी सगळं कुटुंब पांढऱ्या गाडीतून आलं. मुलं रडली. त्यांची आई रडली. आमची गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे गाडी रिव्हर्स घेत बाहेर काढावी लागते. तो रिव्हर्सचा टुंग-टुंग आवाज करत गाडी गेली आणि थोरले फाटकाशी उभे राहिले.

त्यानंतर गल्लीत कोणाचीही गाडी रिव्हर्सला आली की थोरले उठायचे. डेनचं उठणं ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी लिहिते. आधी पुढचे पाय रोवायचे, मग मागचं धूड ओढून वर घ्यायचं. कमरेचे सांधे गेलेले, त्यामुळे मागचे पाय घसरायचे, की पुन्हा पहिल्यापासून. तो फाटकाशी पोचेपर्यंत गाडी मेन रोडला लागलेली असायची.

असो. रॉकीच्या बाईंवर येते.

तुम्हाला वाटतं आम्ही इथे आश्रम चालवतो. हिरवळ आहे, कुत्री उन्हात लोळतायत, मी त्यांना गोंजारत बसलेय. या कधीतरी पहाटे पाचला. जर्मन शेफर्ड आहे आमच्याकडे, राणी. तिच्या पाठीच्या कण्यातल्या नसा झिजत चालल्यात, या जातीत हे बरंच दिसतं. मागचे पाय तिला आपले वाटतच नाहीत. तिच्या पोटाखालून जुना टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं धरून मागचा भाग उचलायचा आणि ती पुढच्या पायांवर चालेल तसं आपण मागून चालायचं. आल्यावर पुसायचं, कूस बदलायची, कोपरांना खोबरेल लावायचं, कारण मोठ्या कुत्र्यांची कोपरं जमिनीवर घासून घट्टे पडतात आणि मग चिघळतात. हे दिवसातून किती वेळा होतं ते मी मोजत नाही. हे सगळं करून नवाला बँकेत हजर. यात पुण्य कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवा.

आणि हे तुम्हाला जमणार नाही, असं यात काय आहे? सांगा ना. टाइल्सवर पाय घसरतात? योगा मॅट टाका, गोणपाट टाका. तुमच्या वुडन फ्लोअरिंगवरही टाकता येतं ते, बिल्डर काही बघायला येत नाही. वाकून खाता येत नाही? भांडं पाटावर ठेवा. खोल छातीच्या कुत्र्यांना दिवसाचं सगळं खाणं एकदम घालू नका, तीन वेळा थोडं थोडं द्या आणि खाल्ल्या खाल्ल्या पळवू नका. पोट फुगून त्याला पीळ बसला तर काही तासांत खेळ खलास होतो. पावसाळ्याआधी लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं इंजेक्शन. आणि हात जोडून सांगते, त्याला तुमच्या डब्यातली ब्रुफेन देऊ नका! माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बाद करते. घरात शू करतो? मूत्रमार्गाला इन्फेक्शन असेल, डायबेटिस असेल, किंवा उठून दारापर्यंत जाणंच होत नसेल. आधी डॉक्टरला दाखवा. जनावरांचं हॉस्पिटल परळचं बैलघोडा आहे, आता महालक्ष्मीला टाटांचं नवीन झालंय. मुंबईत राहता तुम्ही, अगदीच आडगावात नाही.

"सोसायटी ऐकत नाही" हे तर मला सांगूच नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक आहे, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टमधूनही अडवता येत नाही. छापून कमिटीच्या तोंडावर मारा. पार्किंगसाठी भांडता ना? तसंच.

खऱ्या अडचणी असतात, मान्य. एकट्या राहणाऱ्या आजोबांना स्ट्रोक आला, पन्नास किलोचं कुत्रं कोण उचलणार? अशांचा फोन आला तर मी कधीच नाही म्हणत नाही, लैला तशीच आली. म्हणजे आजोबांचं घर तिचं दुसरं. त्याआधी ती ब्रीडरकडे पिंजऱ्यात होती, पिल्लं काढायला. सेंट बर्नार्ड! आल्प्सच्या बर्फातलं कुत्रं, आणि आम्ही त्याची पिल्लं मुंबईच्या मे महिन्यात विकतो. कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम आहेत २०१७ चे, आठ वर्षांपुढच्या मादीवर पिल्लं काढायची नाहीत, जन्मात पाचच्या वर वेत नाहीत. छान. पण त्यानंतर ती मादी जाते कुठे, हे कोणी विचारायचं? लैला आमच्याकडे आल्यावर मोरीतून बाहेरच येईना. पिंजऱ्याएवढी जागा तीच होती घरात. शेवटी आईंनी मोरीच्या उंबऱ्यावर पाट टाकून तिथेच भाजी निवडायला सुरुवात केली. आयुष्यभर कुत्र्याला हाड म्हणणारी बाई ती. आता गवारीच्या शेंगा मोडताना लैलाशी बोलते, माझ्याबद्दलच्या तक्रारी असतात बहुतेक.

मार्च २०२४ मध्ये केंद्राचं कुत्र्यांच्या २३ 'हिंस्र' जातींवरच्या बंदीचं पत्र आलं, तेव्हा मला आलेले फोन आठवले की अजून डोकं फिरतं. त्यात रॉटवायलर होता. काल उशाशी घेऊन झोपायचे, आज म्हणे "हिंस्र आहे, ठेवता येणार नाही." कर्नाटक हायकोर्टानं एप्रिलमध्ये ते पत्र रद्दही केलं. पण तोवर ज्यांना निमित्त हवं होतं त्यांना ते मिळालं होतं.

आणि जनावर सोडून देण्याला शिक्षा काय, माहितीय? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. उपासमार होईल अशा स्थितीत टाकून दिलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! आमच्या नाक्यावर दोन वडापाव आणि कटिंग घेतलं की संपतात. म्हणून मी म्हणते, कायद्याची वाट बघू नका, जवळच्या माणसांना लाज वाटायला लावा. तुमच्या ओळखीत कोणी "फार्महाऊसला सोडलं, मजेत आहे" म्हणालं, तर विचारा, कुठलं फार्महाऊस? शेवटचं कधी गेला होतात भेटायला?

कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यांना चिकन. बरं. लिहा.

थोरल्यांचं पूर्ण सांगते, कारण लोकांना वाटतं शेवटी तो "आमचा" झाला. नाही झाला. माझ्या हातून खायचा, आईंच्या पायाशी झोपायचा, हे उचलायचे तर अंग सैल सोडायचा. लाघवी जनावर. पण उठायचा मात्र त्या रिव्हर्सच्या आवाजालाच. आम्ही घरी आलो तर शेपूट हलायची, बसल्या जागेवरून. शेवटी शेवटी तर मागचे पाय साथच देईनात, तेव्हा तो नुसते पुढचे रोवायचा आणि माझ्याकडे बघायचा, की टॉवेल आण. मी आणायची. फाटकापर्यंत नेऊन शेजारच्या सावंतांची वॅगनआर दाखवून परत आणायची. काय करणार?

मी त्याला चांगलं म्हातारपण दिलं, हे मला कळतं. खोटी नम्रता नको. पण त्याच्या घराची बरोबरी माझ्याच्यानं झाली नाही. भाड्याच्या वन बीएचकेमध्ये कोंबून ठेवला असतात तरी त्याला चाललं असतं हो. त्याला हिरवळ नको होती, तुम्ही हवे होतात.

तो गेला तेव्हा मालाडच्या महापालिकेच्या दहनभट्टीत नेला. त्याच्या जुन्या घरी कळवलं, वाटलं येतील. आले नाहीत, फोटो मागितला. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर "आमचा लाडका थॉर", खाली तुटलेल्या हृदयांची रांग. मी त्यांना त्या दिवशी काही बोलले नाही. आज बोलतेय, वाचत असतील तर वाचा.

रॉकीच्या बाईंना मी नंतर मेसेज केलाय. रॉकीला इकडे आणू नका, मी तिकडे येते. टॉवेलनं कसं उचलायचं, मॅट कुठे टाकायची, सगळं दाखवते, शू पुसायला पण शिकवते. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.

असो, काम आहे. रविवारी लैलाला एक्स-रेसाठी परळला न्यायचंय. टेम्पोवाला तयार आहे, सकाळी सातला निघायचं. ह्यांची पाठ धरलीय, त्यामुळे उचलायला दोन धडधाकट माणसं हवीत, चारकोप-कांदिवलीतली असली तर बरं. जुन्या चादरी असतील तर त्याही आणा, सुती, सिंथेटिक नकोत. कमेंटमध्ये बदाम टाकू नका, येणार असाल तर तेवढं लिहा.