वसईची जुनी चर्च : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. वसईतल्या जुन्या चर्चची वास्तुकला पोर्तुगीजांनी लादलेली, तिला आपला वारसा का म्हणायचं? आणि रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, माणसं बाहेर उन्हात उभी राहत असताना जुन्या भिंती जपण्याचा हट्ट कशाला?

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढच्या काळात धर्मांतरात सक्तीही झाली, ते मी झाकणार नाही. पण आराखडा परदेशी साधूंचा असला, तरी दगड फोडला, चुना भाजला, लाकूड तासलं ते इथल्याच हातांनी. वसईच्या काळ्या दगडाला इतका मान होता की गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरच्या कोरीवकामासाठी तो समुद्रमार्गे नेला गेला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र आपली चर्च सोडली नाहीत. वसईच्या चर्चमधल्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात पोचल्या. त्यांना कुणी परक्या म्हणत नाही. मग ज्या वेदीपुढे पिढ्यान् पिढ्या बाप्तिस्मे आणि लग्नं लागली, ती परकी कशी?

दुसरा आक्षेप खरा आहे. जागा हवीच. शेजारी मोठा मंडप घाला, नवं चर्च बांधा, माझा पाठिंबा आहे. माझं भांडण आहे ते जुन्या भिंतीवर सिमेंट थापण्याशी.

दगड-चुन्याची भिंत जमिनीतला आणि पावसातला ओलावा शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. वर सिमेंटचा थर आला की ती वाट बंद होते. पाणी आतच कोंडतं, क्षार साचतात, गिलावा फुगतो आणि त्याच्याबरोबर जुनं बांधकामही सुटायला लागतं. उलट चूकही तितकीच घातक. बॉम जीझसवरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला, जांभा उघडा पडला आणि तेव्हापासून पावसाने झिजतो आहे. लोकांना तोच लाल रंग आता मूळचा वाटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोरीव लाकडी वेदी काढून संगमरवर बसवायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे १९६०च्या दशकात भरलेल्या जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचं, कारण पुढे केलं जातं. मिस्सा लोकभाषेत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, हे बरंच झालं. पण त्याच परिषदेच्या १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात मौल्यवान पवित्र वस्तू विकल्या किंवा विखुरल्या जाऊ नयेत, याची काळजी बिशपांनी घ्यावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. जुनी वेदी मागे ठेवून पुढे नवं मेज मांडता येतं. अनेक ठिकाणी तसं केलंही आहे.

तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) चर्चच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तर निधीतला पहिला पैसा कौलं, पन्हळी आणि पायाशी साचणाऱ्या पाण्यावर खर्च व्हावा असा आग्रह धरा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. रंग आणि फरशी नंतर.