ओमेगा सेंटॉरी, कोण त्या?

अमावास्येला लग्नकार्य नसतं, एवढ्या एका भरवशावर मी मे महिन्यात पाटणच्या वरच्या अंगाला दुर्बीण घेऊन गेलो. मित्राच्या घराची गच्ची, दक्षिण मोकळी. फोटो काढायचा होता ओमेगा सेंटॉरीचा. नरतुरंग या तारकासमूहातला हा तारकागुच्छ तिथून फार तर 25 अंश वर येतो, तेही मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास. पुढं पाऊस. म्हणजे वर्षाचा हिशेब दोन-तीन रात्रींवर येतो.

माउंट, म्हणजे दुर्बिणीचा फिरता स्टँड, ध्रुवाला लावून झाला, ताऱ्यामागं हळूहळू फिरणारं ट्रॅकिंग सुरू झालं आणि नऊ वाजता, नेमक्या दक्षिणेच्या मांडवातून, हिरवी शार्पी, म्हणजे आभाळात झोत मारणारा डीजेचा लाइट, उठली ती थेट नरतुरंगाच्या पोटात.

मी खाली धावलो. फेट्यातले एक गृहस्थ सामोरे आले. नवरदेवाचे मामा.

"मामा, आज अमावास्या ना? हळद कशी?"

"अमावस्या दुपारी दोनालाच सरली. पंचांग बघत न्हाई व्हय?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गच्चीवर नळी लावून बसलाय ते तुम्हीच न्हवं? आभाळाचं शिकलेला माणूस, आन् तिथी ठावं न्हाई!"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तो लाइट अर्धा तास बंद ठेवता का, असं विचारलं.

"कशापायी?"

"ओमेगा सेंटॉरीचा फोटो काढतोय."

"कोण त्या?"

"तारे आहेत, मामा. एक कोट. 17 हजार प्रकाशवर्षं लांब. आज दिसतोय तो उजेड तिथून 17 हजार वर्षांपूर्वी निघालाय."

मामांनी मान डोलावली. "आमचा फोटूवालाबी चारलाच कराडवरनं निघालाय. अजून पोचला न्हाई." मग त्यांचा चेहरा उजळला. "कॅमेरा हाय म्हणा की तुमच्याकडं!"

सौदा ठरला. मी हळद काढायची, त्यांनी शार्पी विझवायची.

धूमकेतूवाला एडमंड हॅली 1677 साली सेंट हेलेना बेटावर गेला होता. याच पुंजक्याची नोंद त्यानं तिथं केली. ढगांनी त्याला बेजार केलं होतं म्हणतात. ढगच होते ना? आत्या नव्हत्या. इथं पाच होत्या, आणि प्रत्येकीला नवरदेवाला हळद लावताना कॅमेऱ्याकडं बघून दोनदा थांबायचं होतं. नवरदेवाचे मित्र निराळे, करवल्या निराळ्या, मामांचा एकट्याचा फेटा तीन बाजूंनी.

साडेबाराला सुटलो. शार्पी विझली, खरंच विझली, सात फ्रेमा मिळाल्या. आठव्या फ्रेमेला डीजेवाल्याला कुणीतरी फर्माईश केली. एक वाजता ओमेगा डोंगराच्या खांद्याला टेकली.

दहानंतर स्पीकर बंद करायचा नियम आहे. तो कसा पाळतात ते सोडा, पण निदान आहे, भांडता तरी येतं. उजेडाबद्दल कुणाशी भांडायचं? वाडीवस्तीवर पांढरे एलईडी लागलेत, त्यांचा निम्मा प्रकाश वर आभाळात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 साली डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अंधार हवा असेल तर वाघाच्या शेजारी जाऊन बसायचं. हरकत नाही. वाघ फोटो काढून मागत नाही.

काल मामांचा फोन आला. "पावणं, फोटू लाल आल्यात."

येणारच. तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश नीट यावा म्हणून सेन्सरवरचा लाल अडवणारा फिल्टर मी पैसे मोजून काढून घेतलाय, आणि घाईत रंग जुळवणारा व्हाइट बॅलन्स लावायचा राहिला. नवरदेव कुंकवाच्या पातेल्यात पडून उठल्यासारखा दिसतोय. पाच आत्या तशाच.

"तेवढं पिवळं करून द्या," मामा म्हणाले, "आन् अल्बमचं बघा. आमचा फोटूवाला काय आलाच न्हाई."

एकशे चाळीस फोटो आहेत. चार रात्री संगणकापुढं बसून आत्या पिवळ्या करतोय. ओमेगाच्या सातपैकी तीन फ्रेमांत धूर आहे, तो कुठल्याच सॉफ्टवेअरनं जात नाही.

निघताना त्यांनी नारळ आणि टॉवेल-टोपी दिली होती. दुर्बिणीचं झाकण त्या रात्री मांडवात कुठंतरी पडलं. टोपी त्या जागी अगदी घट्ट बसते.