कुत्र्याची जात खुनी आणि मालक बिचारा? त्या मेसेजला माझं उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. रॉटवायलर, पिटबुल, डॉबरमन ही कुत्री जन्मजात खुनी, सरकारने त्यांच्यावर बंदी घातलीय, त्यात मालक काय करणार बिचारा. आपलं गावठी मात्र कधी कुणाला चावत नाही. राखणीला तिखट कुत्रं पाहिजे तर पिल्लू असल्यापासून बांधून घाला, कुणाला हात लावू देऊ नका. आणि चावलंच कुणाला तर इंजेक्शनचे पैसे द्यायचे, विषय संपला. मला हे वाचून खरंच राग आला, कारण हे खरं मानून कुणी पिल्लू बांधून वाढवलं तर उद्या गल्लीतलंच एखादं पोर त्याच्या तोंडात सापडणार.

आधी "जन्मजात"चं बघू. रक्तात काहीच नसतं असं मी म्हणत नाही. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ घ्या, घोरपडे संस्थानाने जपलेली शिकारी जात, ससा दिसला की ते सुटलंच, कुणी शिकवावं लागत नाही. रशियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ पासून कोल्ह्यांवर प्रयोग केला, दर पिढीत माणसाला कमी बुजणारे तेवढे निवडून त्यांचीच पैदास, आणि थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवत माणसाजवळ येणारी पिल्लं जन्मायला लागली. म्हणजे स्वभाव आईबापाकडून येतो, होय की. पण तिथं निवड एकेका कोल्ह्याचा स्वभाव बघून केली होती, जातीचं नाव बघून नाही. म्हणून पिल्लू घेताना सर्टिफिकेट नंतर बघा, आधी त्याची आई अनोळखी माणसाशी कशी वागते ते बघा.

जातीच्या नावावरून किती कळतं? २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, १८ हजारांवर कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतलेली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासलेला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता आला, आणि चटकन चिडण्याच्या बाबतीत तर जातीचा उपयोग सगळ्यात कमी. रॉटवायलरचा जबडा मोठा, तो चावला तर जखम पामेरियनपेक्षा भयंकर होणार हे खरंच आहे, पण त्यामुळे मालकाची जबाबदारी वाढते, कमी कशी होईल?

डॉबरमनचा मेंदू वाढत जातो, कवटीत मावत नाही आणि मग तो वेडा होऊन मालकालाच फाडतो, हे पण त्या मेसेजमध्ये आहे. साफ खोटं. मोठ्या झालेल्या कुत्र्याचा मेंदू वाढत बसत नाही.

बंदीचं म्हणाल तर १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची विक्री, पैदास रोखायला सांगितलं होतं, ते पत्र आपल्याच कर्नाटक हायकोर्टाने १० एप्रिल २०२४ ला रद्द केलं. आणि डॉबरमन त्या यादीत नव्हताच.

गावठी चावत नाही म्हणणाऱ्यांनी पिल्लं घातलेल्या कुत्रीजवळ जाऊन बघावं. दात सगळ्यांनाच आहेत. गावठी कुत्रं माणसात शांत वावरतं याचं कारण वेगळं आहे, ते डोळे उघडल्यापासून पोरंटोरं, ट्रॅक्टर, गणपतीचे ढोल, येणारे-जाणारे सगळं बघत वाढतं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा. १९६१ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या प्रयोगात काही पिल्लं १४ आठवडे माणसाशिवाय वाढवली, नंतर ती माणसाला हातच लावू देईनात. आपल्याकडचे धनगर काय करतात बघा, पिल्लू लहानपणापासून बकऱ्यांतच ठेवतात, मग ते कळप आपला मानतं आणि राखतं. आणि इथं लोक पंचवीस-तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून आणतात, २०१७ च्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत विकताच येत नाही, तरी आणतात, आणि नेमका तोच काळ त्याला जिन्याखाली बांधून घालतात.

आता बांधून तिखट करायचं. असं कुत्रं तिखट होत नाही, ते भेदरतं. साखळीमुळे पळता येत नाही म्हणून जवळ येईल त्याला चावतं, मग तो चोर असू दे, दूधवाला असू दे नाहीतर बॉल आणायला आलेलं शेजारचं पोर. गुरगुरलं की लाथ घालणारे पण आहेत, म्हणे वचक राहतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ च्या एका अभ्यासात कुत्र्याला मारणाऱ्या-लाथाडणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं की ते उलट अंगावर आलं. गुरगुरणं म्हणजे ते सांगतंय की लांब राहा, ते मारून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल, यात कुत्र्याचा काय गुन्हा? आणि उगीच आखूड साखळीला तासन् तास बांधणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं ही १९६० च्या कायद्याने, कलम ११ प्रमाणे, क्रूरता आहे.

राहिलं ते पैसे देऊन विषय संपवायचं. गेटवर कन्नड-मराठी दोन्हीत पाटी लावली म्हणून सुटका होत नाही. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तिथं पैसे काय करणार. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, चुना-मिरची काही लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा, जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे जखमेतच देतात त्या रेबीजविरोधी इंजेक्शनचं, पण विचारा. मालकाने आपल्या कुत्र्याचं लसीचं कार्ड घेऊन सोबत जायचं, आणि त्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, कुठं नेऊन सोडायचं नाही.