सच्छिद्र टायटॅनियम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हाडात बसवायच्या सच्छिद्र टायटॅनियमच्या रोपणांवरचा (कृत्रिम भागांवरचा) माझा लेख वाचून 'मुद्दाम भोके पाडून धातू कमकुवत करायचा आणि तोच रुग्णाच्या मांडीत बसवायचा, ही कसली प्रगती? आणि मिठाची स्वस्त पद्धत एका ओळीत का उडवून लावलीत?' असे तुम्ही विचारलेत. पहिला आक्षेप मला पटत नाही. दुसरा पूर्णपणे मान्य.

हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा ताठपणा 10 ते 30 गिगापास्कल (ताठपणा मोजण्याचे एकक) असतो, भरीव टायटॅनियम मिश्रधातूचा 110च्या आसपास. दोन्ही शेजारी आले की बहुतेक भार धातूच उचलतो. भार न येणारे हाड शरीर हळूहळू शोषून घेते आणि घट्ट बसवलेले रोपण सैल होते. ताठपणा ढोबळमानाने घनतेच्या वर्गाच्या (घनता गुणिले घनता) प्रमाणात उतरतो. 70 टक्के जागा पोकळ ठेवली की तो 10 गिगापास्कलवर येतो. शिवाय 300 ते 600 मायक्रॉनच्या, एकमेकींत उघडणाऱ्या छिद्रांतून रक्तवाहिन्या आत शिरतात, मागोमाग नवे हाड. तुम्ही ज्यांना भोके म्हणता, त्यांच्याच आधाराने हाड धातूला धरते.

पण वारंवार येणाऱ्या भाराची तुमची भीती रास्त आहे. टायटॅनियमची पावडर लेझरने थरावर थर वितळवून केलेली सच्छिद्र जाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की पाव मिलिमीटरच्या काड्यांना अर्धवट वितळलेल्या पावडरचे गोल कण मण्यांसारखे चिकटलेले दिसतात. कण काडीला टेकतो तिथल्या खाचेतून तडा सुरू होऊ शकतो. आम्लाने कण निघतात, पण काडीही झिजते, म्हणून ती आधीच थोडी जाड आखावी लागते.

मला त्याहून धास्ती वाटते आत अडकलेल्या सुट्या पावडरची. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या यंत्रात) तीनदा धुतलेला एक नमुना मी कापला, तर कागदावर चिमूटभर राखाडी पावडर सांडली. तेव्हापासून वजन आणि सीटी स्कॅन केल्याशिवाय मी कुठल्याच नमुन्याला स्वच्छ म्हणत नाही.

आता मीठ. टायटॅनियमची पावडर आणि मिठाचे दाणे एकत्र दाबायचे, पाण्याने मीठ विरघळवायचे, मग निर्वात भट्टीत 1200 अंशांच्या वर तापवून कण सांधायचे. महागडे यंत्र लागत नाही आणि छिद्राचा आकार दाण्यावरून ठरतो. अडचण एवढीच, की दाणे एकमेकांना टेकलेले नसतील तर मधल्या मिठापर्यंत पाणी पोहोचतच नाही, आणि कुठले छिद्र कुठे येईल हे आपल्या हाती राहत नाही. तरीही साध्या, एकसारख्या ठोकळ्यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. मूळ लेखातली ती ओळ काढून मी तिथे हे सविस्तर लिहिले आहे.