प्रतिक्रियेला उत्तर : ‘हितचिंतक’ आणि माझं शंभर वॉटचं पॅनेल

शंभर वॉटच्या एका सोलर पॅनेलवर रात्रीचा पंखा, दोन दिवे आणि घरातले मोबाइल चालतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ‘एक हितचिंतक’ या नावानं त्याखाली आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. उडवून टाका, असं दोघातिघांनी खासगीत सुचवलं होतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा: छोटी सोलर पॅनेलं म्हणजे खेळणी, गोव्यात चार महिने पाऊस, तेव्हा ती कुचकामी, बॅटरीचा खर्च धरला तर ही वीज मीटरच्या विजेपेक्षा कितीतरी महाग, त्यापेक्षा सबसिडी घेऊन छपरावर तीन किलोवॉट बसवावेत. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘१०० वॉटचं पॅनेल आयुष्यात कधी १०० वॉट देत नाही, एवढंही ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लोकांना शहाणपण शिकवू नये.’

महाशय, मुद्दा मांडायला कुणाची हरकत नाही. पण नाव लपवून, आणि या भाषेत? माझ्या लेखाखाली माझं नाव असतं. तुमच्या प्रतिक्रियेखाली नुसतं हितचिंतन आहे.

बरं, ते १०० वॉट. मला ते ठाऊक नाही, हे कशावरून ठरवलंत? मी ‘१०० वॉटचं पॅनेल’ लिहिलं, कारण दुकानात ते त्याच नावानं मिळतं. मागच्या स्टिकरवरचा आकडा कारखान्यातल्या चाचणीचा असतो: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. पंचवीस! एप्रिलात भर दुपारी आमच्या कौलांवर हात ठेवून बघा. पॅनेल साठ अंशांच्या घरात जातं, आणि पंचविसाच्या वरच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे नुसत्या तापण्यात चौदा-पंधरा टक्के गेले.

पण खरी गळती तिथे नाहीच. ती तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून मी लिहितो. ‘१२ व्होल्टचं’ म्हणून विकलं जाणारं हे पॅनेल स्टिकरच्या हिशेबानं १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. अठरा गुणिले साडेपाच, झाले शंभर. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो. तो स्वस्तातला, पीडब्ल्यूएम जातीचा लावला की पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीलाच जोडलं जातं, आणि बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर पॅनेललाही तेराला खाली ओढते. अँपिअर तेवढेच राहतात. करा गुणाकार: ७० वॉट. गंमत म्हणजे या कंट्रोलरवर तापण्याचा तोटा फारसा जाणवत नाही, कारण तापल्यावर घटतात ते मुख्यतः व्होल्ट, आणि ते तसेही वायाच जाणार होते. दुसऱ्या जातीचा, एमपीपीटी कंट्रोलर वरचे व्होल्ट उतरवून त्या बदल्यात अँपिअर वाढवतो, म्हणून तो महाग. एवढ्याशा पॅनेलला तो घेऊ नये, त्यात थोडे पैसे घालून दुसरं पॅनेल घ्यावं, हे माझं मत. तुमचं वेगळं असेल, असू दे.

आता सत्तर वॉट. मार्च-एप्रिलात दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं तर ३५० वॉट-तास. बॅटरीत घालता-काढताना पाचवा हिस्सा जातो, उरले २८०. त्यात बारा व्होल्टवर थेट चालणारा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा मधल्या वेगावर रात्रभर, नऊ वॉटचे दोन दिवे चार तास आणि घरातले मोबाइल भागतात. मध्ये इन्व्हर्टर नाही. तो नुसता चालू ठेवला तरी स्वतःच वीज खात बसतो, आणि एवढ्याशा कारभारात ते परवडत नाही. बॅटरी ७५ एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे बारा व्होल्टनं गुणून ९०० वॉट-तासांची; रोज तिच्यातलं एक तृतीयांश काढतो, निम्म्याच्या खाली कधी जाऊ देत नाही. लेखात मी नेमकं एवढंच चालतं म्हटलं होतं. फ्रिज चालेल असं कुठे लिहिलंय? दाखवा.

आणि ‘ठाऊक नाही’ म्हणालात म्हणून सांगतो, नाहीतर सांगितलं नसतं. २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत मी मांडवी नदीतल्या, खनिज वाहणाऱ्या बार्जींवर इलेक्ट्रिशियन होतो. बॅटऱ्यांतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) बघणं, पाणी घालणं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडणं, सगळं या हातांनी केलंय. ॲसिडनं शर्ट जाळून घेतलेत. मुरगावला माल घेऊन निघालेल्या बार्जीचं इंजिन बॅटरीपायी सुरू झालं नाही, की तांडेल जे काही ऐकवायचा, त्यापुढे तुमची प्रतिक्रिया म्हणजे आरती. तेव्हा बॅटरी म्हणजे काय, हे मला कुणी निनावी माणसानं शिकवायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. खाऱ्या वाऱ्यानं स्टँडचे बोल्ट आणि कनेक्टर गंजतात, असं तुम्ही शेवटी कंसात म्हटलंय, ते खरं आहे. आमचं घर आत, डिचोली तालुक्यात, म्हणून लेखात तो विषय आला नाही. मांद्रे-मोरजीकडच्या वाचकांनी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. चांगली सूचना कुणाचीही असो, मी घेतो.

तीन किलोवॉटचं म्हणाल, तर २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ते बॅटरीशिवायचं ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेलं असेल, तर लाइनवरची वीज जाताच त्याचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. व्हावाच लागतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरून शॉक बसायचा. म्हणजे डोक्यावर रणरणतं ऊन, छपरावर तीन किलोवॉट, आणि खाली माणसं पुठ्ठ्यानं वारा घेतायत. हे तुम्ही का नाही लिहिलंत? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात तारांवर माड पडले आणि आमच्या वाड्यावर कित्येक दिवस लाइट नव्हती. वादळ सरून ऊन पडलं, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मोबाइल माझ्या ओसरीवर चार्ज होत होते. खेळणं का काय ते त्यांना विचारा. विचारताना नाव सांगावं लागेल.

राहिला खर्च. गोव्यात वीज स्वस्त, बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलायची, वगैरे वगैरे. पैसे वाचतील असं मी म्हटलंच नव्हतं, तेव्हा तो या लेखाचा विषय नाही. पावसाचंही तेच, त्यावर सवडीनं लिहीन.

ता. क. : दुसऱ्या एका वाचकानं, सभ्य भाषेत, फ्यूजबद्दल विचारलं होतं. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत बसवा. वायर शॉर्ट झाली तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि वायर पेटते. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलटं, आधी पॅनेल. हितचिंतकांनी हे वाचलं नाही तरी चालेल, त्यांना येतंच.